परदेशाहून परतणे आणि ज्ञातीचा उंबरठा

मनुष्य घर सोडून दूरदेशी जावयास निघाला म्हणजे त्याची वार्ता गावभर होते. नातलग ओटी भरतात, औक्षण होते, वेशीपर्यंत पोचवावयास माणसे जातात. तो परत आल्यावर त्याचे काय झाले, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकांतही परदेशी गेलेल्या तरुणांची नावे अभिमानाने छापली जातात, आणि ते योग्यच होय. तथापि परत आलेल्यांची यादी आजवर आमच्या पाहण्यात आलेली नाही. म्हणून परतण्याचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

आम्हा शहागडकरांस हा विषय वाटतो तितका परका नाही. नाशिकाकडून येणारी गोदावरी पैठण, आपेगाव ही क्षेत्रे मागे टाकून आमच्या गावापाशी येते, आणि आज धुळे-सोलापूर महामार्ग तिजवरील पुलावरून पलीकडे बीड जिल्ह्यात उतरतो. या एका नदीच्या काठी, शे-दोनशे मैलांच्या टापूत, परत आलेल्या माणसास घरात घ्यावे की न घ्यावे, हा वाद पुनःपुन्हा झाला आहे. त्यातील काही प्रसंग परंपरेने आलेले आहेत, काहींस लेखी आधार आहे. जे परंपरेने आले त्यास परंपरा असेच म्हणू.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. आपल्या पूर्वजांस समुद्र ठाऊक नव्हता असे समजणे चुकीचे होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणचा माल वीस दिवसांच्या वाटेने भडोच बंदरास जात असे, असा उल्लेख आहे. तेथून तो जहाजांत चढून पश्चिमेच्या देशांस जाई. बौधायन धर्मसूत्रात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील लोकांचे पाच पाच विशेष आचार सांगितले आहेत. उत्तरेकडील आचारांत समुद्रावर जाणे हा एक, आणि दक्षिणेकडील आचारांत मामाच्या मुलीशी विवाह हा एक. ज्याचा आचार त्याच्या देशात, अन्यत्र तो दोष, असे तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथात पुढे समुद्रसंयानाची गणना पतनीय कर्मांत केली असून त्यास तीन वर्षांचे कडक प्रायश्चित्त सांगितले आहे: चौथ्या वेळी एकदा जेवावे, त्रिकाळ स्नान करावे, दिवस उभ्याने व रात्र बसून काढावी. प्रायश्चित्त कठीण खरे, पण त्याचा अर्थ दार बंद नव्हते असाच होतो. तीन वर्षे झाली की मनुष्य शुद्ध होई.

दार बंद झाले ते पुढे. कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींची जी यादी नंतरच्या निबंधग्रंथांतून आली, तिच्यात समुद्रातून जाऊन आलेल्या द्विजाचा, त्याने प्रायश्चित्त घेतले तरीही, स्वीकार करू नये असे वचन आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. ज्या 'निर्णयसिंधु' ग्रंथाचा आधार आपल्याकडील पंडित पदोपदी घेत, तो १६१२ साली काशीस कमलाकरभट्टांनी रचिला, आणि या भट्ट घराण्याचे मूळ आमच्याच पैठणचे. ज्या गावातून माल समुद्रापार जात होता, त्याच गावच्या विद्वत्तेने पुढे समुद्रावरून आलेल्या माणसाचा विचार करावयास बसावे, हा काळाचा महिमा होय. आणि गंमत अशी की, मामाच्या मुलीशी लग्न करण्याचा बौधायनाने नोंदविलेला दाक्षिणात्य आचार आम्ही मराठवाड्यात आजतागायत आनंदाने चालविला. तात्पर्य, शास्त्रातील कोणते वचन धरावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हे समाज आपल्या सोयीने ठरवीत आला आहे.

आता उदाहरणे पाहू. शहागडाहून नदीच्या वरच्या अंगास आपेगाव आहे. तेथील कुलकर्णी विठ्ठलपंत हे ज्ञानेश्वर महाराजांचे वडील. परंपरा अशी की, त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. पुढे त्यांची पत्नी घरी आहे हे कळताच गुरूंनी त्यांस परत जाऊन संसार करण्याची आज्ञा केली. गुर्वाज्ञेने ते परतले आणि वाळीत पडले. अपराध प्रवासाचा नव्हे, संन्यासाश्रम सोडल्याचा होता हे खरे. परंतु दूर जाऊन आलेला मनुष्य आता पूर्वीच्या जागी बसू शकत नाही, हाच न्याय तेथे लावला गेला. पतिपत्नींनी देहत्यागाचे प्रायश्चित्त घेतले, तरीही मुलांस शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. ज्या घराण्याने मराठी भाषेस 'ज्ञानेश्वरी' दिली, त्या घराण्यास पंक्तीत पान मिळत नव्हते, ही गोष्ट कोणत्याही ज्ञातीने विसरू नये.

याच्या अगदी उलट चित्र आमच्या जालना जिल्ह्यातीलच जांब या गावी दिसते. समर्थ रामदासांचे हे जन्मस्थान. शके १५३०, म्हणजे १६०८ साली त्यांचा येथे जन्म झाला. सांप्रदायिक चरित्रे सांगतात की, बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून गेलेला नारायण बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीस तप करून राहिला, पुढील बारा वर्षे त्याने भारतभर तीर्थाटन केले, वाटोवाट मठ स्थापिले, माणसे जोडिली, आणि शेवटी पैठणमार्गे तो जांबेस आला. मधल्या काळात माता राणूबाईंची दृष्टी गेली होती. दाराशी उभा असलेला जटाधारी बैरागी आपला पुत्र आहे, हे त्या माउलीने आवाजावरून ओळखिले, असे सांगतात. या कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इतकीच की, चोवीस वर्षांनी परतलेल्या मुलास आईने किंवा वडील बंधू गंगाधरपंतांनी, कोठे होतास, काय मिळविलेस, कोणाच्या हातचे खाल्लेस, असा प्रश्न केल्याचे कोणत्याही कथेत नाही. मंडपातून पळून गेल्यामुळे घराण्याची नामुष्की झाली असेलच. पण दार उघडे होते. पुढे मातेची अनुज्ञा घेऊन ते कृष्णातीरी गेले, ते पळून नव्हे, सांगून गेले. परतण्याने एवढे साधले.

आता लेखी इतिहासाकडे येऊ. शिवछत्रपतींचे सरनोबत नेताजी पालकर हे मोगलांच्या हाती सापडले, त्यांचे धर्मांतर झाले, महंमद कुलीखान हे नाव त्यांस मिळाले आणि त्यांची रवानगी काबूलकडील मुलखात झाली. जवळजवळ दहा वर्षांनी मोगली फौजेबरोबर ते दक्षिणेत आले आणि संधी साधून महाराजांकडे परतले. जून १६७६ मध्ये त्यांस प्रायश्चित्त देऊन पूर्ववत करण्यात आले. त्यापूर्वी बजाजी निंबाळकरांसही असेच परत घेण्यात आले होते. त्या प्रसंगी केवळ विधीवर न थांबता महाराजांनी आपली कन्या बजाजींच्या पुत्रास दिली. शाळेत इतिहास शिकविताना हा प्रसंग आम्ही नेहमी थांबून सांगत असू. मंत्र म्हणून मनुष्य शुद्ध होत असेल, पण त्याच्या घरी सोयरीक केल्यावाचून ज्ञातीस ते पटत नाही, हे महाराज पुरते ओळखून होते.

प्रत्यक्ष समुद्रोल्लंघनाचे आपल्याकडील एक जुने आणि फार बोधप्रद उदाहरण राघोबादादांच्या वकिलांचे आहे. पेशवाईच्या भाऊबंदकीत इंग्रजांचे साहाय्य मिळावे म्हणून रघुनाथरावांनी हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील थेट विलायतेस पाठविले. त्यांजबरोबर मणियार नावाचे पारशी गृहस्थ होते. १७८१ साली ही मंडळी लंडनमध्ये होती. परक्या शहरात त्यांची राहण्याजेवण्याची आबाळ होत आहे, हे तेथील प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांस कळले, तेव्हा त्यांनी या पाहुण्यांस आपल्या बीकन्सफील्ड येथील घरी नेले. हणमंतरावांस आपल्या आचाराप्रमाणे सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतील काचेचे घर त्यांच्या स्वाधीन केले. वर्ण निराळा, धर्म निराळा, भाषा निराळी. तरी पाहुण्याच्या नियमास आपल्या घरात जागा करून द्यावी, इतके सौजन्य त्या गृहस्थाने दाखविले.

परतीची हकीकत विल्फर्ड नावाच्या लेखकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविली आहे. तो दोन ब्राह्मण वकिलांचा उल्लेख करितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जाताना ते सुएझपर्यंत जलमार्गाने गेले आणि येताना इराणच्या बाजूने सिंधुनदी ओलांडून स्वदेशी आले. येताच ते बहिष्कृत ठरले. ब्राह्मणांच्या सभांवर सभा झाल्या. शेवटी असा निर्णय झाला की, यांचे वर्तन सर्वत्र शुद्ध आहे आणि यांचा प्रवास केवळ देशाच्या हितासाठी झाला आहे, सबब यांस नवा जन्म देऊन पुन्हा संस्कार करावेत. त्यासाठी शुद्ध सोन्याची योनिप्रतिमा करविली गेली व तिच्यातून पार होऊन ते पुनर्जन्म पावले. हिरण्यगर्भ महादान ज्यांस माहीत आहे, त्यांस यात नवल वाटणार नाही. आम्हांस येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, कलिवर्ज्याचे वचन डोळ्यांसमोर असतानाही ब्रह्मवृंदाने वाट काढिली. तेव्हा वाट नव्हती असे कोणी म्हणू नये. दुसरी ही की, ती वाट सोन्याची होती. पाठीशी धनी असेल त्यासच ती परवडणारी होती. गोरगरिबाने विलायतेहून परत यावे आणि सुवर्णयोनी कोठून आणावी?

एकोणिसाव्या शतकात ही अडचण घरोघर आली. अहमदाबादचे महीपतराम रूपराम हे आमच्याच व्यवसायाचे, म्हणजे शिक्षणखात्यातील. अध्यापनाची पद्धत पाहण्यासाठी ते १८६० साली इंग्लंडास गेले व पुढील वर्षी परतले. त्यांच्या नागर ज्ञातीने त्यांस बहिष्कृत केले आणि तो बहिष्कार वर्षानुवर्षे चालला. १८८७ साली मद्रासेस पहिली सामाजिक परिषद भरली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी चर्चेस घेतलेल्या प्रश्नांत समुद्रप्रवासामुळे येणाऱ्या अडचणींचा प्रश्न होता, यावरून तो किती जिव्हाळ्याचा होता हे दिसून येईल.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे परतणे तर मन हेलावून सोडणारे आहे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा निश्चय १८८३ साली जाहीर सभेत बोलून दाखवून त्या अमेरिकेस गेल्या. तेथे कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांस आपल्या घरी मुलीसारखे वागविले. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या, नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या, त्या क्षयाने जर्जर होऊनच. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झालेली होती. ते काम त्यांच्या हातून व्हावयाचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा अमेरिकेस त्या मावशीकडे पाठविण्यात आली व तिने ती आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविली.

त्यानंतर चारच वर्षांनी एक तरुण बॅरिस्टर मुंबईस उतरला. मोहनदास गांधी १८८८ साली विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीच्या शेटजींनी त्यांस जातीबाहेर काढून, जो कोणी त्यांस मदत करील किंवा निरोप द्यावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठेविला होता. १८९१ च्या जुलैत ते परतले. विलायतेत ओळख झालेल्या डॉक्टर प्राणजीवन मेहता यांच्या घरी ते मुंबईस उतरले, आणि तेथेच रायचंदभाईंशी त्यांची भेट झाली. पुढे आयुष्यभर त्यांनी ज्यांस मानिले त्यांतील हे एक. परंतु त्याच वेळी आई गेल्याची बातमीही त्यांस कळली. परदेशी एकट्याने दुःख सोसावे लागू नये म्हणून ती वडील बंधूंनी दडवून ठेविली होती. नंतर बंधूंनी त्यांस नाशिकास नेऊन आमच्या याच गोदावरीत स्नान घातले व राजकोटास जाऊन ज्ञातिभोजन दिले. गांधीजींस हे मनापासून आवडले नव्हते, पण वडील भावाच्या प्रेमाखातर त्यांनी ते मान्य केले. ज्ञातीच्या एका तडाने त्यांस घेतले, दुसऱ्याने नाही. न घेणाऱ्या तडात सख्खी बहीण आणि सासुरवाडीची माणसे होती. ती चोरून जेवू घालावयास तयार असत. पण जे उघड करता येत नाही ते चोरून करावयाचे नाही, म्हणून गांधीजी त्यांच्या घरी पाणीदेखील पीत नसत.

वर सांगितलेली माणसे थोर म्हणून त्यांची हकीकत लिहिली गेली. १८३४ नंतर गिरमिटावर कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या मराठी मजुरांची हकीकत कोण लिहिणार? पुष्कळ तेथेच राहिले. त्यांचे वंशज आजही मराठी सण पाळितात व मुलांस मराठी शिकवितात. जे करार संपवून परतले, त्यांस गावाने कसे घेतले असेल? सोन्याची प्रतिमा नव्हती, सव्वा रुपयाचीही भ्रांत होती. दुसऱ्या बाजूस आपल्याच शेजारच्या मुसलमान बांधवांत हाजहून परतलेल्या यात्रेकरूस लोक सामोरे जातात, गळ्यात हार घालतात, त्याने आणिलेले जमजमचे पाणी घोटघोट वाटून घेतात आणि जन्मभर त्यास हाजी म्हणतात. समुद्र तोच, उतरणाऱ्याचे स्वागत मात्र निराळे.

आपल्याकडे अशी चाल नव्हती असे मात्र नाही. काशीयात्रा करून आलेल्याचे मावंदे होते. यात्रेकरू गंगेची कावड किंवा गडू घेऊन येतो, गाव त्यास वाजत-गाजत घरी आणितो, गंगापूजन होते, आणि सर्वांस भोजन घातले जाते. विचार केला तर मावंदे आणि प्रायश्चित्त यांचे घटक तेच आहेत: स्नान, पूजन आणि पंगत. फरक भावनेचा आहे. मावंद्यात आलेला मनुष्य सर्वांस पुण्याचा वाटा देतो. प्रायश्चित्तात तो सर्वांची क्षमा मागतो. दोहोंत निर्णायक गोष्ट पंगत हीच. नेताजी असोत, हणमंतराव असोत, राजकोटचे ज्ञातिभोजन असो; शेजारी पान मांडून कोणी जेवावयास बसले म्हणजे मनुष्य घरी आला.

हे सर्व जुने झाले, आता कोण कोणास वाळीत टाकतो, असे कोणी म्हणेल. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. त्या वेळी आमचे गाव हैदराबाद संस्थानाच्या मुलखात होते. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. दुखणे नसते तर औषध कशास लागते? आणि २०२० साली साथीच्या दिवसांत कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून बाहेरून येणाऱ्या आपल्याच माणसांची वाट अडविली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भय खरे होते, काळजी घेणेही आवश्यक होते. परंतु साथ ओसरल्यावर त्या माणसांच्या घरी जाऊन दोन शब्द किती जणांनी बोलले?

आज समुद्र ओलांडल्याबद्दल कोणी दंड मागत नाही. उलट, जो पैसा घेऊन येतो त्याच्या स्वागतास कमानी उभ्या राहतात. बहिष्कार उरला आहे तो निराळ्यांसाठी. आखातात दहा-बारा वर्षे घाम गाळून जो रिकाम्या हातांनी परतला. नोकरी सुटली म्हणून ज्यास मुदतीपूर्वी यावे लागले. जिचा तेथे संसार मोडला आणि लेकरू घेऊन जी माहेरी आली. ज्याने अन्य देशीची वा अन्य ज्ञातीची मुलगी पत्नी म्हणून आणिली. अशांस कोणी वाळीत टाकीत नाही, फक्त लग्नपत्रिका द्यावयाची राहून जाते. आमच्या परिचयातील अशाच एका परतलेल्या गृहस्थास, ज्ञातीच्या मेळाव्यात आपण यावे किंवा कसे, असे आम्हांस विचारावे लागले. ज्ञातीत जन्मलेल्या माणसास हा प्रश्न पडावा, हीच आमच्या मते प्रायश्चित्ताची गोष्ट होय, आणि ते प्रायश्चित्त त्याने नव्हे, ज्ञातीने घ्यावयाचे आहे.

यास्तव ज्ञातिसंस्थेच्या चालकांपुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवितो. परदेशी जाणाऱ्यांच्या यादीबरोबर परत आलेल्यांचीही यादी स्मरणिकेत द्यावी, आणि तीत त्यांच्या मिळकतीचा उल्लेख नसावा. वार्षिक मेळाव्याची पहिली पंगत त्या वर्षी परतलेल्यांसह बसावी. तेच त्यांचे मावंदे. आणि ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वृद्ध मातापित्यांकडे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा तरी जाऊन यावे, कारण मुलगा येईपर्यंत घर जागते ठेवणे हेही ज्ञातीचेच काम आहे. राणूबाईंस चोवीस वर्षांनी पुत्र भेटला. पुतळीबाईंस तीन वर्षांनीही भेटला नाही.

या सूचनांस खर्च फारसा नाही. सोन्याची प्रतिमा करावयाची नाही, पंडितांची सभा बोलवावयाची नाही. एक पान अधिक मांडावयाचे आहे. सुज्ञ ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी याचा विचार करावा, अशी विनंती करून हा लेख येथे पुरा करितो.